काचेमागचा पंडित

चाचणीवाल्या बाई पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा पंडितला वाटलं, इमारतीत खून झालाय आणि तपास सुरू झालाय. हातात स्टॉपवॉच, काखेत वही, आणि नजर अशी की कॉम्प्युटरनेसुद्धा आपणहून गुन्हा कबूल करावा. पंडित हे ऑफिसातल्या प्रोग्रामरचं टोपणनाव. आपल्याला सगळं कळतं या त्याच्या ठाम समजुतीवरून पडलेलं.

"बाई, तुमचं नेमकं काम काय?"

"तुम्ही केलेलं यंत्र लोकांना वापरायला देते आणि गप्प बसते."

"याचा पगार मिळतो?"

"अर्धा तास गप्प बसून बघा, मग विचारा."

बाई पूर्वी वीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसत. यंत्र वापरायला जमत नसेल तर लोकच बावळट, असं म्हणायचे दिवस सरले, कंपन्या या कामासाठी वेगळा विभाग काढू लागल्या, आणि बाईंच्या अनुभवाला खुर्ची मिळाली.

पंडितने दवाखान्यात नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र केलं होतं. दवाखान्याची अट एकच: शेजारी समजावून सांगणारा माणूस ठेवावा लागला, तर यंत्र परत. वर्षभराची मेहनत त्यावर टांगलेली.

चाचणीला पाच म्हातारी माणसं आली. पंडित शेजारच्या खोलीत बसला; मधल्या काचेतून त्याला सगळं दिसे. यंत्राच्या बाजूने मात्र तो नुसता आरसा. पाचही जणांनी चिठ्ठी काढली. पंडित नाचायचाच बाकी होता.

बाईंनी शेवटच्या आजोबांना विचारलं, "कसं जमलं हो?"

"त्यात काय! ते आतले साहेब मान डोलवत होते ना. बोट चुकीकडे गेलं की कपाळावर हात मारायचे."

टिपणं काढायला पंडितने आपल्या खोलीतला दिवा लावला होता. आत उजेड झाला की आरशाची साधी काच होते, एवढंच नेमकं त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवी माणसं, दिवा बंद. एकालाही जमेना. एक आजी तर पडद्यावरचं 'आपले स्वागत आहे' वाचून, आता कोणीतरी येईल म्हणून शांतपणे उभ्या राहिल्या.

"स्वागत काढा," बाई म्हणाल्या. "'चिठ्ठीसाठी इथे दाबा', बास."

तिसऱ्या खेपेला पाचही जणांनी नुसत्या आरशासमोर चिठ्ठ्या काढल्या. पंडितने असा निःश्वास टाकला की काचेवर वाफ धरली.

"बाई, तुम्ही नसता तर—"

"तर जन्मभर दवाखान्यात मान डोलवत उभे राहिला असता."

यंत्र दवाखान्यात लागलं. लोक चिठ्ठी घेतात आणि बाकावर जाऊन बसतात. ते कोणी केलं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.