पाणीवाल्या आक्का

आमच्या शाळेतल्या पाणीवाल्या आक्का बारवेच्या पायऱ्या उलट्या उतरत. तोंड पायऱ्यांकडे, पाठ पाण्याकडे. मी तेव्हा आठवीत होते. त्यांची हुबेहूब नक्कल करायचे. पोरी खिदळत, आक्काही हसत.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. त्याचं कौतुक ओसरायच्या आत दुष्काळ पडला आणि उदगीरकडच्या आमच्या गावातला हापसा आटला. अख्ख्या शाळेचं पाणी आक्का बारवेतून आणू लागल्या.

सकाळी ओट्यावरून उठताना त्यांना दोन-तीनदा जोर लावावा लागे. मग अंगणात चकरा मारत म्हणायच्या, “गंज चढलाय बाई, निघतो आत्ता.” आणि खरंच निघायचा. पण शाळा सुटेपर्यंत गुडघे टम्म सुजलेले असत. मांडी घालून बसलेल्या त्या कधी दिसल्याच नाहीत. आम्हाला वाटे, म्हातारपण.

एके दुपारी त्या बारवेतून वर येईनात. खाली गेले, तर तळाच्या पायरीवर बसलेल्या. पाय सरळ होईना. मी गुडघ्यावर हात ठेवून पाय हळूच ओढला आणि तळव्याखाली काहीतरी करकरलं, जात्यात खडा सापडावा तसं. मी दचकून हात मागं घेतला.

“रोज असं होतंय?”

“दोन वर्सं झाली. कुनाला सांगू नको. हेडमास्तर दुसरी बघतील.”

मी शब्द दिला आणि संध्याकाळी मोडला. माझे वडील त्याच शाळेत गुरुजी होते; त्यांना सगळं सांगितलं.

आक्का चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तरी वडील त्यांना उदगीरच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही सोबत होते. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला. सांध्यातली गादी झिजलीय, म्हणाले. मग वय विचारलं.

“पंचेचाळीस.”

वडील त्यांच्याकडे बघतच राहिले. आम्ही त्यांना साठीच्या धरत होतो. माझी आई त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान होती.

“इतके दिवस का नाही आलात?” डॉक्टरांनी विचारलं.

“दुखतंय म्हंजे आजार हाय, हे ठावंच नव्हतं. मला वाटलं, समद्यांचेच पाय असे असतात.”

आम्ही सगळं रोज बघत होतो, आणि हसत होतो.

आक्कांची नोकरी टिकली. घागरी मोठ्या वर्गांनी वाटून घेतल्या. आक्का माठ भरून ठेवू लागल्या. गुडघे बरे झाले नाहीत, सूज मात्र उतरली.

दहावीनंतर मी नर्सिंगसाठी नांदेडला निघाले, तेव्हा त्या काठी टेकत एसटीपर्यंत आल्या. मी म्हणाले, “आक्का, तेव्हा शब्द मोडला मी.”

“लई राग आलता तुझा,” त्या म्हणाल्या. “पर माझं दुखनं खरं हाय, हे तू बोललीस तवा मलाबी कळलं.”