बासष्ट पोरींची एक पालक

किनवटच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात मल्लम्माबाई अकरा वर्षं अधीक्षिका आहेत. माहेर निलंग्याचं, आवाज खणखणीत. कुठल्याही कागदावर 'पालक' असा रकाना दिसला की त्या स्वतःची सही ठोकतात. लस असो, सहल असो. बहुतेक पोरींचे आईबाप मजुरीला परमुलखात. सहीसाठी त्यांना कुठं शोधणार?

यंदा अभ्यासाचं एक ॲप आलं. अठराच्या आतल्या मुलीला ते वापरायचं तर पालकाने आधार दाखवून, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून संमती द्यायची. बाईंनी बासष्ट वेळा डोळे मिचकावले. मला म्हणाल्या, "सर, एवढे डोळे मी नवऱ्यालाबी मारले न्हाईत."

मुलीने ॲपला काय काय विचारलं, त्याची यादी दर शनिवारी पालकाच्या फोनवर जाते. आमच्या पोरी बिलंदर. यादी मॅडमकडे जाते हे कळल्यावर, जे तोंडाने सांगायची लाज ते त्या ॲपमध्ये लिहू लागल्या. 'मॅडम, पॅड संपलेत.' 'मॅडम, दहावीतली ताई मारते.' ॲप बिचारं 'हा प्रश्न अभ्यासाचा नाही' म्हणायचं, आणि शनिवारी बाई गुपचूप पॅड पोचवायच्या.

मी शाळेचा कारकून. नियमाचा पक्का, लोक त्याला खडूसपणा म्हणतात. तपासणी येणार म्हणताच मला धडकी भरली. एका बाईच्या बासष्ट लेकी कशा दाखवणार? ज्यांच्या बापाकडे फोन होता त्यांची संमती घेऊन मी आठवडाभरात नोंदी बदलल्या. बाई म्हणाल्या, "खऱ्या बापाचं नाव लागू द्या की. पण पोरींना सांगा सर, यादी आता माझ्याकडं येत न्हाई म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो आणि सांगितलं नाही. खरं तर मला ते महत्त्वाचं वाटलंच नाही.

पुढच्या सोमवारी नववीतल्या अंजूला न्यायला तिचे वडील व्यंकटराव आले. आजी आजारी आहे म्हणाले. नोंदीत पालक तेच. मी वहीत सही घेतली. अंजू फाटकापाशी अडून राहिली. बाईंना म्हणाली, "मॅडम, मी लिहिलेलं वाचलं का?"

आदल्या दिवशीच तिने निबंधाची वही बाईंच्या टेबलावर ठेवली होती.

"हाव, वाचलं गं. लई चांगलं लिहिलंस. जा आता, आजी वाट बघून राहिली."

पोरगी बापामागे मोटारसायकलवर बसली. व्यंकटराव मला म्हणाले, "मेहरबानी सर. तुमच्यामुळं पोरीच्या मनातलं कळलं." मला तेव्हा बरं वाटलं होतं, याची आज शरम वाटते.

दुपारी एक मुलगी बाईंना म्हणाली, "मॅडम, ह्या शनवारी तुम्ही पॅड न्हाई दिले." बाई तशाच माझ्या ऑफिसात आल्या. शाळेच्या कॉम्प्युटरवर सगळ्या याद्या दिसतात. मी अंजूची उघडली.

'मॅडम, घरी माझं लग्न ठरवून राहिलेत. मी पंधराची हाय. बाबा न्यायला आले तर पाठवू नका.'

बाईंनी तिथूनच १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरवर, फोन लावला, मग पोलिसांना. संध्याकाळी एसटीने आम्ही दोघं तिच्या गावी पोचलो तर घराला कुलूप. सगळे लग्नाला गेलेत, एवढंच शेजारी म्हणाले. कुठं, ते कुणी सांगेना.

आज चौथा दिवस. पोलीस शोधताहेत. मी बाईंची माफी मागितली. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माफीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "ती पोरगी काय समजून बसली आसंल सर? मॅडमनं वाचलं, आन तरीबी पाठवलं."