नावाच्या जागी लिहिलेला शब्द

बारावीला मी फ्रेंच घेतलं ते फ्रेंचच्या प्रेमापोटी नव्हे. पुण्यात तेव्हा मार्क पडतात म्हणून सगळ्याच मुली घ्यायच्या, मीही घेतलं. दोन वर्षं क्रियापदं घोकली, पेपर दिला आणि विसरून गेले. त्या फ्रेंचचा पुढे कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. झाला, पण झाला नसता तर बरं, असं बरेच दिवस मनात येत राहिलं.

२००४ साली आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आणि मी त्याची डिपेंडंट. हा शब्द मी तोवर इतक्या फॉर्मांवर लिहिला होता की कुणी नाव विचारलं तर तोच तोंडातून बाहेर पडेल की काय, अशी भीती वाटायची. नोकरी करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्डची फाइल कुठल्याशा कपाटात पडून होती आणि तिच्यात माझ्या नावाचा घोळ होता. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. हौस पाच मिनिटांची. पुढची कित्येक वर्षं डिग्रीवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई एकच आहे, अशी प्रतिज्ञापत्रं मी करत बसले. थकले होते मी. काम करून माणूस थकतं ते झोपलं की जातं. हे जात नव्हतं.

शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहत. मनातल्या मनात मी त्यांना काकू म्हणायचे. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, त्यांनी लगेच स्पेलिंग विचारलं असतं. काकूंच्या आईकडचे लोक मिशिगनच्या पार उत्तरेचे. पणजी ओजिब्वे, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी, आणि पणजोबा कातड्यांच्या व्यापारासाठी कॅनडातून आलेले फ्रेंच. पुढच्या पिढ्यांत दोन्हीकडचं सगळं पुसलं गेलं. काकूंची आजी बाळंतपणात गेली. आईला लहानपणीच ओजिब्वे मुलांसाठी काढलेल्या एका बोर्डिंग शाळेत टाकलं. तिथे घरची भाषा बोललं की मार बसायचा. सोळाव्या वर्षी ती बाहेर पडली तेव्हा तिच्या हातात शाळेच्या कारकुनानं लिहून दिलेली एक चिठ्ठी होती. तिच्यात आईबापांची नावं होती, आणि तिच्या आजीच्या, म्हणजे काकूंच्या पणजीच्या, नावाच्या जागी एकच शब्द होता: सोवाजेस.

‘आमच्या घरात ओजिब्वे भाषेतला एवढा एकच शब्द उरला,’ काकूंनी मला सांगितलं. चिठ्ठी त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवली होती. हा शब्द त्यांनी आपल्या एकुलत्या मुलीला मधलं नाव म्हणून दिला होता, आणि घरी तिला त्याच्याच अर्ध्या तुकड्यानं हाक मारत. मुलगी आता पन्नाशी उलटलेली, ओहायोत राहायची.

पणजीच्या कबरीवर दगड नव्हता. लाकडी क्रूस होता तो कधीच कुजून गेला. काकूंची एक मावसबहीण अजून पणजीच्या गावात होती. तिनं दगड घडवणाऱ्याशी बोलून ठेवलं होतं. जमीन मऊ झाली की, म्हणजे मे महिन्यात, दगड बसवायचा. त्याच्या आधी काकूंना चर्चच्या जुन्या रजिस्टरात ते नाव आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. ‘चुकीचं स्पेलिंग दगडात गेलं तर मी वर जाऊन तिला काय तोंड दाखवू?’ त्या म्हणायच्या. त्यांचं हृदय नीट चालत नव्हतं आणि पुढच्या मे महिन्याची खात्री डॉक्टरही देत नव्हते. रजिस्टर फ्रेंचमध्ये होतं. म्हणून मी.

दर मंगळवारी आणि गुरुवारी आम्ही बसनं लायब्ररीत जायचो. तळघरात मायक्रोफिल्मची मशिनं होती. रीळ लावायची, हँडल फिरवायचं आणि काळ्या पडद्यावरून सरकणारी पांढरी अक्षरं वाचत बसायचं. अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागत आणि मळमळायचं. काकू शेजारच्या खुर्चीत कोट न काढता बसत आणि मी जरा थांबले की विचारत, ‘काही दिसलं?’ मला त्या प्रश्नाचा इतका राग यायचा की मी मुद्दाम आणखी हळू वाचायचे.

पहिला महिना पणजोबाच सापडेनात. एका पानावर त्यांचं एक आडनाव, दुसऱ्या पानावर भलतंच. बायको ओजिब्वे, गाव तेच, धंदा तोच. काकूंनी निष्कर्ष काढला की पणजीचे दोन नवरे होते, आणि मोठ्या मनानं ते पचवूनही टाकलं. मग एका नोंदीत मला दोन्ही आडनावं शेजारी शेजारी दिसली आणि मध्ये एक बारका शब्द, ‘दी’. म्हणजे ‘म्हटला जाणारा’. मी एकदम मराठीत ओरडले, ‘अहो, हे तर ऊर्फ आहे!’ त्या फ्रेंच लोकांत घराण्याला असं जोडनाव असायचं, कधी एक लिहीत, कधी दुसरं. लग्नापासून ऊर्फ लावून सह्या केलेल्या बाईला ते कळायला महिना लागावा याची मला लाज वाटली. काकूंना मात्र मी त्या दिवशी फार विद्वान वाटले. त्यांनी मला कॅफेत नेऊन केक खाऊ घातला आणि दुसऱ्या नवऱ्याला आनंदानं निरोप दिला.

पणजोबा सापडल्यावर मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी भराभर मिळाल्या. जानेवारीत थोरल्या मुलाची नोंद उघडली. बापाचं नाव, ऊर्फ, गाव. आणि पुढे: ‘ऊन सोवाजेस’पासून झालेला मुलगा. काकूंनी तो शब्द माझ्याआधी ओळखला. काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘ती बघ. आहे ती.’

माझी नजर त्याच्या आधीच्या ‘ऊन’वर होती. ‘ऊन’ म्हणजे ‘एक’. नावाच्या आधी ‘एक’ कोण लावतं? आणि मग बारावीच्या पुस्तकातला प्राण्यांचा धडा आठवला. पाळीव प्राणी आणि सोवाज प्राणी. सोवाज म्हणजे जंगली. सोवाजेस म्हणजे जंगली बाई, रानटी बाई. पाद्र्यानं नाव विचारलंच नव्हतं. पुढे चार मुलांच्या चार नोंदी होत्या, चारही ठिकाणी तेच. शाळेच्या कारकुनाला फ्रेंच येत नव्हतं, त्यानं अशाच एखाद्या दाखल्यावरून ते नाव समजून उतरवलं असणार. आणि काकूंनी ते आपल्या मुलीला दिलं होतं.

‘बरोबर आहे ना?’ काकूंनी विचारलं.

‘अक्षर नीट लागत नाही,’ मी म्हणाले.

तीन आठवडे मी हेच म्हणत राहिले. एकदा सर्दीचं निमित्त केलं, एकदा बस चुकल्याचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘अगं, नको सांगूस यार. शी इज एटी प्लस. त्या हॅपी आहेत ना त्या नावावर? मग कशाला अपसेट करतेस?’

‘आणि दगडावर कोरलं तर?’

‘कोण फ्रेंच वाचतंय तिथे?’

‘तिथे अर्ध्या गावाची आडनावं फ्रेंच आहेत.’

‘मग तू आणि तुझं फ्रेंच बघून घ्या,’ असं म्हणून तो लॅपटॉपकडे वळला. खरं सांगायचं तर मला त्याचंच पटत होतं. मला फक्त या सगळ्यातून सुटका हवी होती. स्वतःच्या नावाचा गुंता सुटत नव्हता आणि मी दुसऱ्याच्या पणजीचा सोडवायला बसले होते.

फेब्रुवारीत काकूंनी मला बोलावलं. दगड घडवणाऱ्यानं कागदावर नमुना काढून पाठवला होता. वर क्रूस, खाली पानांची वेल आणि मधोमध मोठ्या वळणदार अक्षरांत तो शब्द. ‘किती सुंदर दिसतंय,’ काकू म्हणाल्या. त्यांनी कागद फ्रिजवर लावलाही होता. मी कोटसुद्धा काढला नव्हता. तशीच उभी राहून सगळं बोलून टाकलं, एका दमात, धड वाक्यं न करता. सोवाज म्हणजे काय, ऊन म्हणजे काय, पाच मुलं, पाच वेळा.

काकू फ्रिजवरच्या कागदाजवळ गेल्या. मग म्हणाल्या, ‘मग तिचं नाव काय?’

‘लिहिलेलं नाही.’

‘तुला कधीपासून माहीत होतं?’

‘तीन आठवडे.’

‘घरी जा,’ त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांच्या स्वयंपाकघराचा पडदा दिवसादेखील ओढलेला असायचा. मंगळवार गेला, गुरुवार गेला. मला अपराधी वाटत होतं आणि संतापही येत होता. तो शब्द मी थोडाच लिहिला होता? पाद्री मरून शंभर वर्षं झाली, कारकूनही गेला, आणि पडदा ओढला जात होता माझ्यासाठी. वाईट याचं वाटत होतं की या देशात आल्यापासून माझी कुणी वाट बघायचं ते फक्त या बाई, आणि तेही मीच घालवलं होतं.

मार्चमध्ये एका दुपारी दारावर थाप पडली. बर्फातले बूट घातलेल्या काकू, धाप लागलेल्या. आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. ‘मुलीला फोनवर सांगितलं. आधी ती हसली. मग तिनं फोन ठेवला. मग परत केला आणि म्हणाली, मॉम, चोपन्न वर्षं हे नाव लावलंय, आता कुठे फॉर्म भरत बसू?’ त्यांचे डोळे भरून आले. ‘मी माझ्या मुलीला आयुष्यभर त्या शब्दानं जेवायला बोलावलं.’ मी पाणी दिलं.

पाणी पिऊन त्या म्हणाल्या, ‘पुरताना तरी काही लिहिलं असेल. ती रीळ मागव.’

रीळ यायला महिना लागला. ती लावली त्या दिवशी काकूंनी पहिल्यांदा कोट काढून ठेवला. नोंद सापडायला फार वेळ लागला नाही. पाद्री बदललेला होता, अक्षर बारीक आणि मन लावून काढलेलं. या माणसानं कुणाला तरी विचारलं होतं. अमक्या ऊर्फ तमक्याची विधवा, आणि तिच्या पुढे एक लांबलचक नाव, ऐकून ऐकून फ्रेंच अक्षरांत बसवलेलं. पण कधीतरी त्या पानावर पाणी पडलं होतं. नावाचा सुरुवातीचा सगळा भाग एका डागाखाली गेला होता. शेवटची चार अक्षरं तेवढी वाचता येत होती. चारही मिळून ‘कुए’ असा काहीसा उच्चार. मी भिंग लावलं, प्रकाश कमीजास्त केला, ग्रंथपालबाईंना बोलावून आणलं. डाग डागच राहिला.

घरी येऊन काकूंनी मावसबहिणीला फोन लावला. ती तिकडे ओजिब्वेच्या वर्गाला जायची, या वयात भाषा पुन्हा शिकायला. काकूंनी ती चार अक्षरं एकेक करून सांगितली. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. काकू नुसत्या हं हं करत होत्या. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, ‘बायकांच्या नावांच्या शेवटी हेच यायचं म्हणे. आधी ढग असेल, पहाट असेल, पाणी असेल, काहीही. शेवटी हे.’

‘त्याचा अर्थ काय?’

‘बाई,’ काकू म्हणाल्या. ‘नुसतं बाई.’

नंतर त्यांनी दगड घडवणाऱ्याला फोन केला, तेव्हा मी तिथेच होते. तो शब्द काढून टाका म्हणाल्या, आणि नवी चार अक्षरं सांगितली. ओळीच्या उजव्या टोकाला कोरा, आधीची सगळी जागा मोकळी सोडा. त्याला ते पटेना. दगड अर्धवट दिसेल, लोकांना वाटेल माझ्याकडूनच चूक झाली, निदान मधोमध तरी घेऊ द्या, असं तो म्हणत असावा. काकूंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

‘वाटू दे त्यांना,’ त्या म्हणाल्या. ‘ती जागा भरलेली आहे. फक्त आपल्याला वाचता येत नाही.’