त्यात काय विशेष

आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नाही, आणि बाहेरच्या कोणी केलंच तर ते मुकाट्याने घ्यायचीही नाही. पुरणपोळीला छान म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, ‘त्यात काय विशेष?’ यांचंही वळण तेच.

यांचं भोसरीला स्प्रिंगांचं छोटं वर्कशॉप होतं. माझ्या हिंजवडीच्या नोकरीवर घर चालायचं, त्यामुळे यांना प्रयोगांना सवड होती. दुचाकीच्या स्टँडची स्प्रिंग नेहमी टोकाच्या आकड्याशीच मोडते, हे यांच्या डोक्यात बसलेलं. बोहरी आळीतून आणलेल्या तारा वर्षानुवर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून असत. शेवटी यांनी आकड्याकडचे वेढे निमुळते करत नेले आणि स्प्रिंग मोडायची थांबली.

पेटंटचा अर्ज मात्र फेटाळला गेला. कारण काय, तर या धंद्यातल्या कोणालाही हे सहज सुचलं असतं. मला तेव्हा खूप राग आला होता. इतकं सहज होतं तर इतकी वर्षं माझं टेबल का अडलं होतं? आम्ही अपील केलं.

सुनावणी मुंबईला होती. आमच्या वकिलांनी चांगली बाजू मांडली. निकाल देणारे साहेब मराठी निघाले. ती स्प्रिंग हातात फिरवत ते अगदी आपुलकीने म्हणाले, ‘सुरेख काम केलंय आपण. कसं काय सुचलं?’

हे संकोचून हसले. ‘अहो, त्यात काय विशेष? तार हातात असली की कोणालाही सुचेल.’

आमच्या वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. पेटंट ऑफिसचे वकील लिहून घेत होते. हे मात्र नीट वागल्याच्या समाधानात खाली बसले.

परतीच्या वाटेवर मला काही वाटलं नाही. राग शोधून पाहिला, तोही नव्हता. वाटेत वडा खाल्ला, तो गरम होता एवढं आठवतं.

निकाल विरुद्ध लागला. कारणं बरीच होती, त्यात यांचं ते वाक्यही होतं. ‘बरोबर आहे, मी म्हणालोच होतो,’ एवढंच हे बोलले आणि टेबलावरच्या तारा उचलून माळ्यावर ठेवून आले.

त्या रात्री जेवताना मान वर न करता म्हणाले, ‘आमटी चांगली झालीये.’

लग्नानंतर पहिल्यांदाच. उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘चांगली झालीये.’