लंडनला जाण्याआधी सोनईला

लंडनला जायचं ठरवलंय असं मी कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न एकच यायचा. कधी नाही, कशासाठी नाही. "सोबत कोण?"

लॅबमधल्या लोकांनी विचारलं, बँकेत विचारलं, भाजीवालीनेही विचारलं. मी श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. हंगामात उसाच्या रसाचे नमुने तपासायचे, साखरेचा उतारा काढायचा, हे काम मी तिशी लागायच्या आधीपासून करते आहे. लग्न केलं नाही. त्यामागे मोठी कहाणी नाही. आधी आई आजारी होती, मग वडिलांना अर्धांगवायू झाला, आणि पुढे लोकांनीच विचारायचं सोडून दिलं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून कामावरून आलं की आधी टीव्ही लावायचा आणि मग चपला काढायच्या, अशी मला सवय लागली आहे.

लंडनच का, तर तिथे माझी मैत्रीण राहते. नगरला बी.एस्सी. करताना आम्ही तीन वर्षं हॉस्टेलच्या एकाच खोलीत काढली. ती सोनईची. माझ्यापेक्षा हुशार, माझ्यापेक्षा बोलकी. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला पंचवीसेक वर्षं झाली. दर दिवाळीला तिचा फोन यायचा आणि ठेवताना ती म्हणायची, "अगं, ये ना एकदा. माझ्याकडेच राहा. सगळं दाखवते तुला."

मी म्हणायचे, "दादांना कुणाकडे ठेवू?" वडिलांना मी दादा म्हणायचे.

"तेही खरंच बाई," ती म्हणायची, आणि आम्ही फोन ठेवायचो. वडील गेल्यानंतरच्या दिवाळीत मात्र तिने बोलावलं नाही. मला ते जाणवलं, पण घरात दुखवटा म्हणून बोलली नसेल, अशी मी समजूत काढली.

कारखान्यात आमची खरी सुट्टी हंगाम संपल्यावरच. तेव्हा यंत्रांची दुरुस्ती चालते आणि लॅबला फारसं काम नसतं. गेल्या मार्चमध्ये मीच तिला फोन केला. "जूनच्या शेवटी येते. चारच दिवस."

तिने आधी तारखा पुन्हा विचारल्या.

"जूनमध्ये ना," ती म्हणाली, "आम्ही किचनचं काम काढतोय. सगळा पसारा असेल गं."

"मग जुलैत येते."

"जुलैत ह्यांच्या बहिणीकडचे येणार आहेत. बघू ना आपण. कळवते मी."

तिने कळवलं नाही. मी आठवडाभर वाट बघितली आणि मग मला राग आला. इतक्या वर्षांचं ते बोलावणं मी येणार नाही याच भरवशावर होतं, असं वाटलं. अपमान तर वाटलाच, पण त्याहून वाईट हे वाटलं की मला राग आला आहे हे सांगावं असं दुसरं माणूसच माझ्याकडे नव्हतं. जिच्यावर राग होता, तिलाच सांगण्यासारखी ती गोष्ट होती.

मग मी ठरवलं, हॉटेलात राहायचं. पण जायचं. तिला तसा मेसेज टाकला. तिने नुसता अंगठा पाठवला.

चारच दिवस का, असं नंतर मला बऱ्याच जणांनी विचारलं. एवढ्या लांब जायचं तर दहा दिवस तरी जा, म्हणाले. मी रजेचं कारण सांगायचे. खरं म्हणजे परक्या गावात एकटीने चार दिवस निभतील असं मला वाटत होतं. पाचव्या दिवसाची खात्री नव्हती.

संध्याकाळी जेवण झालं की मी मोबाईलवर लंडनचा नकाशा उघडून बसायचे. त्यात रस्त्यांचे फोटो दिसतात. बोट पुढे सरकवलं की आपणच त्या रस्त्यावरून चालत चाललोय असं वाटतं. हॉटेलपासून नदीपर्यंतचा रस्ता मी असा कितीतरी वेळा चालले. एकदा न राहवून मैत्रिणीचा पत्ता टाकला. विटांचं दुमजली घर, हिरवं दार, दाराशी कचऱ्याचे दोन डबे. पडदे ओढलेले होते. मी पुष्कळ वेळ त्या दारासमोर उभी राहिले, म्हणजे मोबाईलवरच.

व्हिसाच्या कागदांसाठी नगरमधला एक एजंट गाठला. त्याच्या ऑफिसात एका भिंतीवर मक्केच्या उमरा यात्रेची चित्रं होती आणि दुसऱ्या भिंतीवर चारधामची. त्याने माझे कागद चाळले.

"मॅडम, सोबत कोण?"

"एकटीच."

"ग्रुपमध्ये का नाही जात? जेवण आपलं मिळतं." मग त्याने पेन खाली ठेवलं. "व्हिसा देणाऱ्यांना एकच भीती असते, माणूस तिकडेच राहील. मिस्टर, मुलं इकडे असली की सोपं पडतं. तुमचं परत यायचं कारण काय दाखवायचं?"

आई नाही, वडील नाहीत. घर आहे, पण घर काही आपली वाट बघत नाही.

"हंगाम," मी म्हणाले. "दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं. मी नसले तर लॅब कोण बघणार?"

तो हसला, पण मी हसत नाही हे बघून गंभीर झाला. "चांगलंय. कारखान्याचं पत्र आणा तसं. आणि अडचणीच्या वेळी फोन करायला एक नंबर लागेल. घरच्या माणसाचा."

तो नंबर मी दुसऱ्या दिवशी देते म्हणाले. संध्याकाळी शेजारच्या भाभींकडे गेले. भाभी शिलाईकाम करतात, माझे ब्लाउज त्याच शिवतात. वडिलांच्या शेवटच्या वर्षात मी ड्युटीवर असले की त्याच दुपारी डोकावून त्यांना पाणी पाजून यायच्या.

"भाभी, तुमचा नंबर देऊ का एका ठिकाणी?"

"द्या की. विचारायचं काय त्यात?" त्यांनी मशीन थांबवलं. "पण तिकडून इंग्रजीत फोन आला तर मी काय बोलायचं?"

"फोन येणार नाही हो. नुसता लिहायला लागतो."

"येणार नाही तर लिहायचा कशाला?"

भाभींनी माझ्याकडे बघितलं, मग उठून चहा टाकला. नातं काय लिहिणार म्हणून त्यांनी विचारलं. बहीण, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि साखर जास्त घातली.

व्हिसा झाला. एजंटने फोन करून अभिनंदन केलं. तिकीट काढलं, हॉटेल ठरलं. आणि निघायच्या दहा-बारा दिवस आधी, एका रविवारी दुपारी, मैत्रिणीचा फोन आला.

"तू खरंच येतेयस?"

"तिकीट काढलंय."

"हॉटेलचा पत्ता सांग."

मी सांगितला. तिने तो लिहून घेतला. मग म्हणाली, "मी तिथे राहत नाही आता."

"कुठे?"

"त्या घरी. तीन वर्षं झाली. आम्ही वेगळे झालो. मी एक खोली घेऊन राहते, एका बाईच्या घरात. पाहुणे आणायची परवानगी नाही. तुला कुठे झोपवणार होते मी?"

मी नुसतं "अगं" म्हणाले.

"किचन नाही, पाहुणे नाहीत, काही नाही," ती म्हणाली. "तू येते म्हणालीस तेव्हा इतका आनंद झाला आणि इतकी भीती वाटली, की काय बोलावं ते कळेना." मग ती रडली. हॉस्टेलमध्ये तीन वर्षं एका खोलीत राहून मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं. फोनवर माणसाच्या पाठीवर हात ठेवता येत नाही. मी फोन कानाशी घट्ट धरून बसले, तेवढंच.

शांत झाल्यावर ती म्हणाली, "आईला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही गावात. एक काम करशील? येण्याआधी तिला भेटून ये. कशी दिसते ते मला सांग. पण तिला काही सांगू नकोस."

त्याच आठवड्यात मी गेले. श्रीगोंद्याहून नगर, नगरहून एस.टी.ने घोडेगाव आणि तिथून जीपने सोनई. जीपमध्ये शिंगणापूरचे भाविकच जास्त होते. वाटेभर मी काय बोलायचं त्याची तयारी करत होते. तब्येत छान आहे, कामात आहे, मी भेटायला चालले आहे. एवढ्यावर निभवायचं होतं.

तिची आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला तिने आवाजावरून ओळखलं. "हॉस्टेलवाली न्हव का तू? ये बाई, ये." पाठीला बाक आला होता, पण नजर तशीच होती, मैत्रिणीसारखी. मुलगा आणि सून शेतावर गेले होते. घरात आम्ही दोघीच.

मी लंडनला चालले आहे हे ऐकल्यावर तिने हातातली शेंग सुपात टाकली.

"तिच्या घरी राहनार?"

"नाही, हॉटेलात. पण भेटणार आहे."

"असं." तिने सूप जरा बाजूला सारलं. "आधी फोनवर घर दाखवायची. हा सोपा, हे झाड, ह्यो जिना. आता नुसतं त्वांड दाखवती. माघं पांढरी भिंत. जावई बी कवा बोलत न्हाईत." तिने पुन्हा शेंग उचलली. "मी विचारीत न्हाई. इचारलं की ती हसती, आन तिचं हसनं मला आवडत न्हाई."

माझी सगळी तयारी फुकट गेली. मी म्हणाले, "तब्येत चांगली आहे तिची."

"बरं." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तिला सांग, आई काय इचारनार न्हाई. खोली रिकामी हाय. कवा बी ये. येकटी ये न्हाई तर कशी बी ये."

निघताना तिने मला वेशीपर्यंत सोबत केली. जीपवाल्याला दटावून मला पुढच्या सीटवर बसवलं.

लंडनला मैत्रीण हॉटेलच्या दाराशीच उभी होती. केस आखूड आणि बरेच पांढरे झालेले, अंगात नर्ससारखा निळा सदरा. ती एका वृद्धाश्रमात काम करते हे मला तिथे कळलं. म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, भरवते. "तू दादांचं जे करायचीस तेच," ती म्हणाली. तिला दोनच दिवस रजा मिळाली होती. त्या दोन दिवसांत आम्ही नदी बघितली, पूल बघितले, दुमजली बसच्या वर बसून फिरलो. पण आता आठवायला गेलं तर मला इमारती आठवत नाहीत. एका बागेतला बाक आठवतो. तिथे बसून मी तिला आईचा निरोप सांगितला, तिच्याच शब्दांत.

ती माझ्याकडे वळली. "तिला कळलंय?"

"मी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही."

तिने पर्समधून फोन काढला, परत ठेवला, परत काढला. इकडे सोनईला तेव्हा संध्याकाळ झाली असणार. आईने फोन उचलल्यावर मैत्रिणीचा आवाज एकदम बदलला. पंचवीस वर्षांत मी तो ऐकला नव्हता. "व्हय आई. व्हय, जेवले. ही हाय ना संगं." मग तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आई, मी येकटी राहती गं. लई दिवस झालं."

पलीकडून आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं. ती म्हणाली, "बरं." आणि थोड्या वेळाने, "हवा कशी हाय तिथं?"

त्यावर दोघी हवेबद्दल बोलल्या, बराच वेळ. मी उठून तळ्याकडे गेले.

उरलेले दोन दिवस मी एकटीच फिरले. पाऊस भुरभुरत होता. मी मोबाईलवर चालले होते त्याच रस्त्याने नदीवर गेले. सगळं तसंच होतं, फक्त गार होतं. एका पुलावर मी एका बाईला फोटो काढायला सांगितला. तिने चांगला काढला, आणि निघून गेली. तो फोटो मी भाभींना पाठवला. भाभींनी लगेच उत्तर दिलं, स्वेटर का घातला नाही.

दिवाळीला मैत्रीण येणार होती. आली नाही. रजा मिळाली नाही असं म्हणाली, आणि या वेळी ते खरं असावं. आईला मात्र ती आता रोज फोन करते. मी महिन्या-दीड महिन्याने एखाद्या रविवारी सोनईला जाते. आम्ही फार बोलत नाही. ती धान्य निवडते, मी तिला पेपर वाचून दाखवते. ऊन उतरायला लागलं की ती घाई करते. "ऊठ बाई. जीप चुकंल. घरी वाट बघत असत्याल." मग तिच्या लक्षात येतं आणि ती माझ्या पिशवीत मूठभर शेंगा टाकते. मी पिशवी उचलते.