उन्हात धरलेलं मडगार्ड

सोलापुरात नव्या पेठेतल्या दुकानातून मी बाइकला कार्बन फायबरचं मडगार्ड घेतलं होतं. त्यावर ‘मेड इन जपान’ असा स्टिकर होता. ते कडेला तडकलं, तेव्हा दुकानातल्या नोकरानं दुरुस्तीसाठी विणकरांच्या वस्तीतल्या एका घराचा पत्ता दिला.

दार उघडणाऱ्या माणसाचे अंगठे दाबून दाबून चपटे झाले होते. फ्रीजमध्ये भाजीऐवजी रेझिनचा डिंक मुरवलेल्या कार्बनच्या काळ्या कापडाच्या गुंडाळ्या. एकेक थर तो साच्यात बसवायचा, अंगठ्यानं कोपरे दाबायचा, पंपानं हवा ओढून घ्यायचा आणि मगच पुढचा थर घ्यायचा.

“घाई केली की हवा अडकती, अन् ओव्हनमध्ये सुईएवढी भोकं पडत्यात,” तो म्हणाला.

तयार वस्तू तो दारात उन्हात तिरपी धरून बघे. त्याचे वडील चादरीतली चूक अशीच शोधायचे म्हणे.

माझं मडगार्ड त्यानं उलटं केलं आणि हसला. “हे माझंच हाय की. जपान तेवढं दुकानदाराचं.”

“मग तुमचं नाव का टाकत नाही?”

“टाकलं होतं की साहेब, गावासकट. सोलापूर वाचलं की लोक भोकं शोधायला लागत्यात.”

मी तिथंच उभा राहून त्या दुकानदाराला चार शिव्या घातल्या.

आठवड्यानं त्या माणसानं माझ्या हातात नवंच मडगार्ड ठेवलं, बिनस्टिकरचं. गल्लीच्या टोकाला थांबून मी ते उन्हात तिरपं धरलं आणि कडेपासून कडेपर्यंत निरखलं. जपानी होतं तेव्हा एकदाही निरखलं नव्हतं.

वळलो, तर तो अजून दारातच उभा राहून बघत होता.