पावडरवाला, धोबी आणि म्हातारा

सुताराकडे भुसा साचतो, तसे फोटो स्टुडिओत किस्से साचतात. झाडून टाकले तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढेच! हे पुढचे सगळे मात्र एका महिन्यातले आहेत.

मंगळवार होता. दुकानात एक पासपोर्ट फोटो आणि दोन लॅमिनेशन, एवढंच काम. कॉम्प्युटरवर बसणारी रेणुका चहा सांगायला बाहेर गेली आणि बातमी घेऊन आली. "काका, समोरच्यानं बोर्ड लावलाय. एआयनं फोटो, पाच मिनिटांत!"

फ्रेम बनवणारे सलीमभाई काच कापत होते. मान वर न करता म्हणाले, "पाच मिन्टं? आपल्याकडं गिऱ्हाइकाला खुर्ची पुसून द्यायलाच तेवढी लागतात!"

परभणीतल्या आमच्या स्टुडिओचं मुख्य काम म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो. ओळखपत्रावरून किंवा लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा उचलायचा आणि तेराव्याच्या आत भिंतीवर लावण्याजोगा करून द्यायचा. हाताने करायला दोन दिवस जातात. आम्ही तीन एआय टूल महिनाभर फुकट वापरायला घेतली. महिन्याअखेर त्यातलं एकच ठेवायचं ठरलं.

घाई मलाही होती. माझी बायको सुमन गेली त्याला वर्ष होत आलं होतं. "बाबा, वर्षश्राद्धाला आईचा फोटो पाहिजे," पुण्याहून मुलगी प्रत्येक फोनवर सांगायची. फोटोग्राफरची बायको, पण तिचा एकटीचा धड फोटो नाही! ओळखपत्रावरचा तर तिला स्वतःलाच ओळखू यायचा नाही. वीस वर्षं लग्नांमध्ये ती माझ्याबरोबर लाइट धरून उभी राहायची. एका ग्रुप फोटोत नणंदेच्या खांद्याआडून अर्धी दिसते, तेवढीच.

*

पहिल्या टूलमध्ये पाथरीकडच्या एका शेतकऱ्याचा फोटो टाकला. रंग असा उजळला की रेणुकाच दचकली. मुलगा न्यायला आला. बराच वेळ बघून म्हणाला, "ह्ये कोन?"

"तुमचे वडील."

"आमचा बाप? ह्यो मानूस तर कदी वावरात गेलेला दिसत न्हाई!"

सलीमभाईंनी तिथल्या तिथे बारसं केलं. पहिलं टूल म्हणजे 'पावडरवाला'.

*

दुसरं टूल डाग काढण्यात पटाईत. एका आजीच्या फोटोवरचे सगळे डाग काढले. त्यात कपाळावरचं गोंदणही काढलं!

लेक रडवेली झाली. "माय कुटंय ह्यात?"

दुसऱ्या दिवशी ती आपल्या म्हाताऱ्या मावशीला घेऊन आली. दोघी बहिणींनी एकाच जत्रेत, एकाच बाईकडून गोंदून घेतलेलं. मावशीला कॉम्प्युटरसमोर बसवून लेक म्हणाली, "हिच्याकडं बघून काडा."

रेणुका एकेक ठिपका हाताने ठेवत गेली. मावशी काचेवर बोट टेकवून मोजत होती. शेवटी म्हणाली, "अजून एक ऱ्हायला. हनवटीवरचा. त्याला लय रडली होती ती."

हे टूल झालं 'धोबी'.

*

तिसरं हळू चालायचं आणि प्रश्न फार विचारायचं. म्हणून 'म्हातारा'.

त्याच्यात वाळवीने अर्धा खाल्लेला एक फोटो टाकला. एक डोळा, अर्धं नाक आणि फेट्याची कड, एवढंच उरलेलं. म्हाताऱ्याने उरलेला चेहरा भरून काढला. सलीमभाईंनी हातातली काच खाली ठेवली. "या अल्ला! ह्येच्यासाठी हातानं रंगवणाऱ्या आपल्या जुन्या उस्तादाला आठ दिवस लागायचे."

चूक एकच झाली होती. त्या माणसाचा डावा कान बैलाच्या शिंगाने फाटलेला. म्हाताऱ्याने तो धडधाकट करून दिला होता.

"दुरुस्त करते," रेणुका म्हणाली.

न्यायला आलेल्या मुलाने पडद्यावरच्या कानाला बोट लावलं. मग म्हणाला, "राहू द्या, ताई. जन्मभर कानावरून फेटा बांदला त्यान्नी."

*

एक निवृत्त कारकून स्वतःचाच फोटो करायला आले. "पोरांवर भरवसा न्हाई. कोनताबी लावतील. मी हाय तवर पसंत करून ठेवतो."

तिन्ही टूल त्यांनी स्वतः तपासली. पावडरवाल्याला नापास केलं, धोब्याला काठावर पास केलं आणि म्हाताऱ्याला पसंत केलं. रेणुकाने भीत भीत विचारलं, "हार घालून दाखवू?"

"घाल की! बघू तर."

चष्मा पुसून त्यांनी निरखून पाहिलं. "बरा दिसायलोय," ते म्हणाले. "पर घाई न्हाई हं!"

*

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पोखर्णीहून सत्तरीच्या एक बाई आल्या. पिशवीतून फोटो काढला. पंचविशीतला तरुण, बारीक मिशी.

"ह्ये आमचे मालक," बाई म्हणाल्या. "तापानं गेले, ह्याच वयात. नवं घर बांदलंय, जोडीनं फोटो लावायचाय. पर नातू हासतो. म्हनतो, आज्जी, आजोबा तुजा ल्योक वाटतो!"

"मग काय करू, आजी?" रेणुकाने विचारलं.

"त्यान्ला माज्याएवडं करा."

म्हाताऱ्याने प्रश्न विचारले, रेणुकाने ते आजींना विचारले. केस? "माज्यासारके पांढरे." मिशी? "राहू द्या. लय हौस होती."

पडद्यावर चेहरा हळूहळू उतरत गेला. गाल बसले, डोळ्यांखाली सुरकुत्या आल्या, मिशी पिकली. आम्ही तिघेही जागचे हललो नाही.

आजींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

"बसा की, मावशी," सलीमभाई म्हणाले.

त्यांनी मान हलवली. बसल्या नाहीत. पडद्याकडे बघत अगदी हळू म्हणाल्या, "लय थकलात की वो!"

म्हाताऱ्याला आम्ही ठेवून घेतलं. वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. सुमनचा फोटो अजून झालेला नाही. खांद्याआडची अर्धी बाजू कशी होती, या म्हाताऱ्याच्या पहिल्याच प्रश्नावर मी अडलोय.